ओडेसाबाईंचा पुकारा

ओडेसा थ्रेलकेल्ड बाईंचा आवाज असा होता, की नदीपलीकडच्या गाई चरायच्या थांबत. चर्चच्या गाणाऱ्या मंडळींनी त्यांना मोठ्या मानाने मागच्या रांगेत बसवलं होतं आणि हात जोडून सांगितलं होतं, की बाई, तुम्ही फक्त ओठ हलवा. बाईंना त्याचा राग नव्हता. त्यांच्या आवाजाची कदर करणारी जागा दुसरी होती, ती म्हणजे कोर्ट.

कोर्टात त्या तीस वर्षं झाडलोट करत होत्या. आमच्या आर्कान्सा राज्यात न्यायाधीश आजारी पडले, की हजर असलेले वकील आपल्यातल्याच एकाला त्या दिवसापुरता न्यायाधीश निवडतात. मात्र निवडीआधी कारकुनाने दारात उभं राहून तीनदा पुकारा करायचा, म्हणजे गावात असेल त्या वकिलाला मत द्यायला येता येतं. आमचा कारकून डेल्बर्ट दमेकरी. त्याचा पुकारा पायरीवरच्या कबुतरालाही ऐकू गेला नसता. म्हणून बाई झाडू भिंतीला टेकवत, दारात जात आणि त्याच्या वतीने पुकारत. एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतला वकील अर्ध्या दाढीनिशी, गालावर साबण घेऊन धावत आला होता. कायदा बाई शिकल्या नव्हत्या, पण तीस वर्षं फरशी पुसता पुसता जेवढा कानावर पडला, तेवढा त्यांना पाठ होता.

नवरा वारल्यावर त्यांच्या घरात बोलायला उरला तो डीकन, एक लांब कानांचा, आळशी शिकारी कुत्रा. त्या शरद ऋतूत शेजारच्या रॉइस मेब्रीच्या अकरा टर्की कोंबड्या एका संध्याकाळी कुणीतरी फाडल्या आणि मेब्रीने डीकनचं नाव घेतलं. शेरीफने कुत्रा नेऊन आपल्या अंगणात बांधला. गुन्हा शाबीत झाला तर त्याला गोळी घालायची, असा आमच्याकडचा नियम.

"तुझ्या कुत्र्याला रक्ताची चटक लागलीय, ओडेसा," मेब्री म्हणाला. दोघं एका शाळेतले.

"त्याला पलंगावरून उतरायची चटक लागली तरी मी मेजवानी देईन," बाई म्हणाल्या. "त्या संध्याकाळी त्याच्या पंजात काटा होता. मी लेप लावून चुलीच्या पायाला बांधला होता त्याला."

"पाहिलं कुणी?"

पाहणारं घरात होतं कोण?

खटल्याच्या दिवशी न्यायाधीशांना पित्ताशयाने गाठलं. गुरुवार होता. गुरुवारी मेबलच्या खाणावळीत तळलेला कॅटफिश असतो, त्यामुळे गावचे बहुतेक वकील तिथे. कोर्टात तिघेच होते. त्यातले एक एन्सली, मेब्रीचे मेहुणे, त्याची बाजू मांडायला राजधानीहून खास आलेले आणि पहिल्यांदाच या गावात पाऊल ठेवलेले. डेल्बर्टने सवयीने झाडूच्या कोपऱ्याकडे पाहिलं. झाडू होता, झाडूवाली नव्हती. ती रविवारी चर्चला घालायची टोपी घालून, आरोपीच्या मालकिणीच्या खुर्चीत, दाराला खेटून बसली होती. डेल्बर्ट बावचळला आणि पुकारा राहूनच गेला. तिघांनी हात वर केले, त्यांच्यातल्याच हॉलिस ट्रिंबल यांची निवड झाली, शपथ झाली, झगा चढला.

पुकारा राहिल्याचं बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हॉलिसच्या घरी पाच कुत्री होती.

अर्ध्या तासात निकाल लागला. "पुरावा काही नाही," हॉलिस म्हणाले. "डीकनला सोडा."

बाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच मेब्री मेहुण्याच्या कानाला लागला. एन्सली ताडकन उठले.

"माझी हरकत आहे. दारात पुकारा झालाच नाही. म्हणजे तुमची निवड खोटी, तुम्ही न्यायाधीशच नाही!"

"वकीलसाहेब, ही हरकत सुरुवातीला घ्यायची असते. हरल्यावर सुचून काय उपयोग?"

"मी परगावचा. तुमच्या दारात काय होतं न होतं, मला काय ठाऊक? माझा मेहुणा समोरच राहतो. तो म्हणतो, पुकारा झाला की त्याच्या उरलेल्या टर्की दोन दिवस अंडी देत नाहीत. आज त्या मजेत आहेत."

हॉलिसनी डेल्बर्टकडे पाहिलं. डेल्बर्टची नोकरी जायची वेळ आली होती.

"झाला, साहेब," तो खोकत म्हणाला. "मी केला. जरा... हळू केला."

आता याला खोटं कोण पाडणार? डेल्बर्टचा पुकारा ऐकू न येणं हाच तो झाल्याचा पुरावा! हॉलिसना हसू आलं, तरी त्यांनी विचारलंच, "ओडेसाबाई, तुम्ही दाराशीच होतात. ऐकलात?"

बाईंना फक्त मान डोलवायची होती. डीकन घरी आला असता, डेल्बर्टची नोकरी वाचली असती. त्या स्वतःवरच चिडल्या.

"नाही, साहेब. डेल्बर्ट खुर्चीवरून उठलासुद्धा नाही."

"तुम्हाला आधीच कळलं होतं?"

"कळलं होतं. तुमच्याकडे पाच कुत्री आहेत, म्हणून गप्प बसले. चुकलं माझं."

हॉलिसनी झगा उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मग मी कुणीच नाही. पुकारा करा आणि पुन्हा निवडा."

डेल्बर्ट उठला, दारापर्यंत गेला आणि खोकल्याने दुमडला. सगळे ओडेसाबाईंकडे पाहू लागले. असं पाहायला माणसांना लाज कशी वाटत नाही, कोण जाणे. बाई उठल्या. खाणावळीत वकील विनिफ्रेड कार्गिल जेवत होत्या. वकील मंडळी त्यांना इतकी भ्यायची, की त्या आल्या की मतं त्यांनाच. आणि सातव्या वर्षी कुत्रा चावल्यापासून कार्गिलबाई कुत्रं दिसलं की रस्ता बदलायच्या. हळू पुकारलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. डेल्बर्टनेही म्हणे हळूच केला होता!

बाईंनी छाती भरून घेतली आणि एकदा, दोनदा, तीनदा पुकारलं. तिसऱ्या खेपेला खिडकीची काच थरथरली.

सहा वकील आले, गळ्यात जेवणाचे रुमाल तसेच. मतं पडली, कार्गिलबाई निवडून आल्या. "एका दिवसात दोन निवडी कशाला?" त्यांनी विचारलं. हॉलिसनी घडलं ते सगळं सांगितलं, आपल्या पाच कुत्र्यांसकट. मग खटला पहिल्यापासून चालला.

"चुलीच्या पायाला बांधला होता," ओडेसाबाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी त्यांचा आवाज जेमतेम टेबलापर्यंत पोचला.

एन्सली हसले. "बाईंच्या शब्दाखेरीज पुरावा काय आहे?"

"काही नाही," कार्गिलबाई म्हणाल्या. "आणि मला कुत्री मुळीच आवडत नाहीत, हे या बाईंना पक्कं ठाऊक आहे. तरी कुत्र्याचा जीव टांगणीला असताना त्यांनी मला, मेबलच्या खाणावळीत माझा काटा-चमचा हातातून पडेल, इतक्या जोराने बोलावलं. त्यांचा शब्द मला पुरतो. कुत्रा बांधलेला होता. सोडा त्याला."

ओडेसाबाई आभार मानायच्याही विसरल्या. टोपी तिथेच टाकून त्या शेरीफच्या अंगणाकडे धावत सुटल्या.