मानपाड्याची घळई आणि एप्रिलचा मुहूर्त

साखरपुडा झाल्यावर आम्हा दोघांना एकत्र चहा प्यायला जायची परवानगी नव्हती. लग्नाआधी बरं दिसत नाही, असं त्याच्या आत्या म्हणाल्या आणि माझ्या आईनेही मान हलवली. मात्र त्याच आत्यांनी प्री-वेडिंग शूट ठरवलं, कारण ते आता सगळेच करतात. म्हणजे समोरासमोर बसून चहा प्यायचा नाही, पण फोटोग्राफर सांगेल तेव्हा एकमेकांना मिठी मारायची, आणि ती नीट मारली जातेय का हे बघायला आई आणि आत्या सोबत येणार. हे जरा विचित्र आहे असं मला म्हणायचं होतं. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मी काहीही बोलले की घरचे विचारायचे, "कॉलेजात हेच शिकवतात का?" म्हणून गप्प बसले.

शिवाय मला तो दिवस हवा होता. मुहूर्त एप्रिलचा निघालेला आणि माझी बीएची शेवटची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात होती. घरी सांगून झालेलं. बाबा म्हणाले, "परीक्षा काय, नंतर देता येते." त्यांचा यात काही वाईट हेतू नव्हता. परीक्षा म्हणजे चुकलेली बस, मागून दुसरी येतेच, असं त्यांना मनापासून वाटत होतं. विठ्ठलवाडीच्या आमच्या एका खोलीत फोनवर बोलणं म्हणजे सभेत बोलणं. म्हणून मी त्याला एक लांबलचक मेसेज लिहिला, दोनदा पुसला आणि शेवटी पाठवला. उत्तर आलं ते एक अंगठा. वर केलेला, पिवळा. तो अंगठा हो म्हणत होता की नुसतं वाचलं म्हणत होता, ते मला आठवडाभर कळलं नाही. आता समोरासमोर विचारायचं ठरवलं.

फोटोग्राफरच्या पॅकेजचं नाव होतं 'डेझर्ट कॅन्यन विथ रिव्हर'. सकाळी वाळवंटातल्या घळईतून पायवाटेने फिरायचं, दुपारी नदीतून होडीने. घळई म्हणजे मानपाड्याच्या पुढची एक बंद पडलेली दगडखाण. नदी म्हणजे मोहन्याजवळची उल्हास.

खाणीत उतरलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तीन बाजूंनी काळे सरळ कडे, मध्ये पांढरी धूळ, आणि चौथ्या बाजूला अर्धवट बांधलेले टॉवर. फोटोग्राफरने हात पसरले.

"मॅम, बघा! राजस्थानला जायची गरजच नाही."

माझा विषय भूगोल. मला राहवलं नाही. "घळई नदी तयार करते हो. हळूहळू कापत. ही तर सुरुंग लावून फोडलेली आहे."

"मॅम, फोटोत सुरुंग दिसत नाही."

"आणि ते टॉवर?"

"टॉवर काढून टाकू. तिथे सूर्य टाकू."

माझ्या अंगात भाड्याचा लाल गाऊन होता. त्याचा घोळ इतका लांब, की मी पुढे चालले तरी तो मागच्या वळणावरच असायचा. नवऱ्या मुलाच्या डोक्याला फेटा बांधला होता आणि तो कानांवरून सारखा खाली यायचा. तो एमआयडीसीतल्या कंपनीत सुपरवायझर आहे. तिथे हेल्मेट घालून दिवसभर उभा राहणारा माणूस त्या फेट्यात मात्र अगदी हरवून गेला होता.

"सर, मॅमच्या कानात काहीतरी बोला. प्रेमाने."

मला वाटलं, हीच वेळ. तो कानाजवळ आला तशी मी हळूच म्हणाले, "मला तुमच्याशी परीक्षेबद्दल..."

"अरे, जरा लांब उभे राहा!" वरून आत्यांचा आवाज आला. त्या मोठ्या दगडावर छत्री धरून बसल्या होत्या. कड्यांनी तो आवाज झेलला आणि परत फेकला. राहा, राहा, राहा. चारही बाजूंनी आत्या बोलल्यासारखं वाटलं. तो दचकून दोन पावलं मागे सरला.

"आत्या, कानात बोलायचंय तर जवळ जायला नको?" फोटोग्राफर कळवळून म्हणाला.

"कान लांबूनही ऐकतो," आत्या म्हणाल्या.

इथे जे काही बोलू ते आत्यांपर्यंत जाणार आणि शिवाय हे कडे ते पुन्हा पुन्हा सांगणार, हे माझ्या लक्षात आलं. मी नदीची वाट बघायची ठरवली.

मोहन्याला पोचलो तेव्हा नदी दिसलीच नाही. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवीगार जलपर्णी. फोटोग्राफर म्हणाला, "याला आपण निळं करू." होडीत आम्ही दोघं आणि वल्हं धरलेले नावाडी काका. आई, आत्या आणि फोटोग्राफर काठावर राहिले. डोक्यावर ड्रोन घोंघावत होता आणि आत्या फोटोग्राफरच्या हातातल्या स्क्रीनवर आमच्यावर नजर ठेवून होत्या. ड्रोनला चित्र दिसतं, आवाज ऐकू येत नाही. हे मी आधीच विचारून घेतलं होतं.

मध्यापर्यंत गेलो आणि होडी जलपर्णीत अडकली. काका म्हणाले, "बसा आता जरा. सोडवतो."

मी म्हणाले, "मी मेसेज केलेला, परीक्षेचा."

"हो. मी अंगठा पाठवला ना."

"त्याचा अर्थ काय?"

तो गोंधळला. "ऑल द बेस्ट."

"अरे, परीक्षा लग्नाच्याच आठवड्यात आहे!" आत्तापर्यंत मी त्याला अहो-जाहो करत होते, ते कुठे गेलं कळलंच नाही.

"मेसेज मोठा होता गं. मी शिफ्टवर होतो. वरचं वाचलं."

"वरचं काय होतं?"

"तुझी तब्येत बरी आहे, असं."

मला रडू येणार होतं, पण गाऊन भाड्याचा होता. मी बोट दाखवून बोलायला लागले. ही परीक्षा बुडाली तर वर्ष बुडतं. पुढच्या वर्षी मी तुमच्या घरात असेन, तेव्हा मला परीक्षेला कोण पाठवेल? तो म्हणाला, मी आत्याला विचारतो. मी म्हणाले, लग्न आत्यांशी आहे का? तो म्हणाला, असं तोडून बोलू नकोस. मी म्हणाले, मग तू जोडून बोल.

काठावरून फोटोग्राफर ओरडला, "मस्त! एकदम नॅचरल! असंच चालू ठेवा!" आणि त्याने अंगठा वर केला. आत्या स्क्रीनकडे बघून आईला काहीतरी कौतुकाने सांगत होत्या.

त्याने फेटा काढून मांडीवर ठेवला. कपाळावर त्याची लाल रेघ उमटली होती. तो पाण्याकडे, म्हणजे जलपर्णीकडे, बघायला लागला. मग म्हणाला, "आईबाबा गेल्यावर आत्यानेच मला वाढवलं. तिला नाही म्हणायची मला सवय नाही. पण मी म्हणेन. फक्त तू बाजूला उभी राहा."

होडी सुटली. काठावर उतरल्या उतरल्या तो म्हणाला, "आत्या, तारीख पुढे न्यायची. तिची परीक्षा आहे." एवढंच बोलला आणि माझ्याकडे बघितलं, पुढचं मी सांगावं म्हणून.

"मुहूर्त काय खेळ आहे का?" आत्या म्हणाल्या.

आईने मला विचारलं, "नंतर घेत नाहीत का गं परीक्षा?"

"घेतात. माझं वर्ष जातं."

"अख्खं वर्ष?"

"हो."

"मग घरी का नाही सांगितलंस?"

"सांगितलेलं गं. बाबा नंतर देता येते म्हणाले, तू पण हो म्हणालीस."

आईने पदर सावरला. मग आत्यांकडे न बघता पुटपुटली, "ताई, फोटोसाठी सकाळपासून उन्हात उभं केलंय आपण पोरांना. परीक्षेसाठी थोडं थांबलो तर..." वाक्य तिने पुरं केलं नाही. आईला इतकं बोलताना मी पहिल्यांदा बघत होते. आत्यांचा चेहरा मात्र हलला नाही.

तेवढ्यात फोटोग्राफर पुढे आला. "आत्या, एक सांगू? मे महिना बेस्ट. एप्रिलच्या त्या तारखेला मला डोंबिवलीत अजून एक लग्न आहे. तुमच्याकडे असिस्टंट पाठवावा लागला असता."

"म्हणजे तू स्वतः येणार नव्हतास?" आत्या उसळून म्हणाल्या.

"मेमध्ये येईन ना. स्वतः. ड्रोन घेऊन."

माझ्या शिक्षणासाठी मुहूर्त हलत नव्हता, तो ड्रोनसाठी हलला. वाईट वाटून घ्यावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. परीक्षा मी दिली. घळईवर प्रश्न आला नाही.

मेमध्ये हॉलच्या मोठ्या पडद्यावर तो व्हिडिओ लावला. नदी निळी केली होती, टॉवरच्या जागी सूर्य होता. संथ संगीत सुरू होतं आणि पडद्यावर मी होडीत बसून, बोट नाचवत, त्याला काहीतरी सांगत होते. तो फेटा मांडीवर घेऊन ऐकत होता. पुढच्या रांगेत आत्यांनी पदराने डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघा, किती प्रेमाने बोलतेय."

तो माझ्या कानाशी वाकला. या वेळी लांब उभं राहायला कुणी सांगितलं नाही.

"रिझल्ट कधी आहे?" त्याने विचारलं.