कोटाचा चोरखिसा

नई सडकेवरचे आमचे शिंपी, मास्टरजी, तोंडातल्या टाचण्या न काढताच बोलतात. बर्लिनला शिकायला निघालेल्या माझ्या मुलीच्या कोटाला अस्तर लावताना त्यांनी विचारलं, "तिकडे परदेशी माणसाला डर तर नाही ना, भाऊसाहेब?"

कधी झाशीपलीकडे एकटा न गेलेला मी ऐटीत म्हणालो, "भिंत पडली, दोन्ही बर्लिन एक झाली. आता कसली भीती?"

त्यांनी न सांगता आत चोरखिसा शिवला. त्यात हिंदीत चिठ्ठी होती: मुलीचं नाव, आमचा दर्पण कॉलनीतला पत्ता. बर्लिनमध्ये हिंदी कोण वाचणार, म्हणून मी आठवडाभर हसलो.

मुलीचं पत्र आलं: "शहर छान आहे. पण संध्याकाळी बाहेर पडताना तोच कोट घालते. चिठ्ठीवर जर्मनमध्येही लिहून घेतलंय."

हल्ली मास्टरजींना तोंड दाखवणं नको म्हणून मी कपडे पाटणकर बाजारात शिवून घेतो.