शांताच्या वहीतले आकडे

हे मी आजवर कुणाला बोलले नाही — नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्हाला सांगते, पण हळहळू नका. मला नको ते.

आमच्या गल्लीत दम्याच्या आमी सहा जणी. शहरातले डॉक्टर नव्या पंपाचा अभ्यास करायला आले, तेव्हा प्रत्येकीला पंप दिला, श्वासाचा जोर मोजायची, फुंकायची नळी दिली, एक वही दिली. सकाळ-संध्याकाळ नळीत फुंकायचं, काटा थांबेल तो आकडा लिहायचा. लिहिणार कोण? मी. पोरांच्या पुस्तकांवरून चाळिशीत अक्षरं शिकलेली बाई — लई तोरा होता मला त्याचा.

दिवाळी झाली, शेजारची शांता नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघाली. पंप घेतला, नळी तिथल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, फुटेल म्हणून वहीसकट माझ्याकडे ठेवली. “आक्का, वही कोरी राहिली तर नाव कटतंय म्हणं. तेवढं बघा.” बघितलं की. रोज दोन आकडे मनानं लिहिले. मधूनच एखादा उतरवायचा, थंडीचा वाटावा म्हणून. लाज वाटते का? न्हाई. पाचटाच्या धुरात राबणाऱ्या बाईचा पंप बंद होऊ द्यायचा होता का मी?

पण थांबा, पुढं आहे.

संक्रांतीनंतर तपासणी आली. शांता कालच लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, असं ठोकून दिलं. डॉक्टरांनी वही चाळली. “यांना तर चांगलाच गुण आहे,” म्हणाले, आणि कमी औषधाचा पंप दिला. तेव्हा बोलायचं होतं. नाही बोलले. मुकादमाच्या गाडीतून मीच तो धाडला — नवा पंप आलाय, एवढाच निरोप.

शांता उसाच्या फडातच कोसळली. आठ दिवस दवाखान्यात काढून वाचली. गावी आल्यावर मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. ते तिच्यावरच चिडले — आकडे इतके चांगले असून कोसळली, म्हणजे नवा पंप नीट ओढलाच नसणार. नाव कमी केलं. शांता मान खाली घालून म्हणाली, “चुकलं असंल, साहेब.” माझं नाव घेतलं नाही तिनं. आणि मी? शेजारी पदराचा काठ सारखा करत बसले. माझ्या अक्षराचं तिथं कौतुक झालं होतं ना — ते जाऊ द्यायचं नव्हतं. त्या आकड्यांवरून कमी औषध पुरतं असं कुणी कुठं लिहिलं असेल, तर तेही माझंच.

अडाणी होती बिचारी, असं मला कुणी म्हणू नका. अडाणी असते तर वही कोरी राहिली असती. मला येत होतं, कळत होतं.

शांता अजून ओट्यावर येते. आता विकत घेतलेला पंप तोंडाला लावते, विचारते, “आता बरोबर ओढतीय का, आक्का?”

ती तेव्हाही बरोबरच ओढत होती.

मी म्हणते, “हां, आता बरोबर.”