मेलेल्याला उठवायचं नाही

आबांचा पाय मोडला तेव्हा माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं, आणि तोवर माझं त्यांच्याशी धड बोलणंसुद्धा झालं नव्हतं. आबा म्हणजे माझे सासरे. पाचोऱ्याकडच्या एका खेड्यात त्यांची कपाशीची शेती होती. आम्ही दोघं नवराबायको जळगावात, भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. नशिराबादच्या एका लग्नाहून परतताना हायवेवर मोटरसायकल घसरली, मागे बसलेले आबा पडले. मांडीपर्यंत प्लास्टर घालून डॉक्टरांनी सांगितलं, शहरातच ठेवा. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या होत्या. शेती मोठ्या दिरांनी सांभाळली आणि आबा आमच्याकडे आले.

बाहेरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर होता. नवरा त्यावर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचा आणि दिवसभर छापखान्यांच्या चकरा मारायचा. त्याच खोलीत, कूलरसमोर, आबांची खाट टाकली. मी डोक्यावर पदर घेऊन चहा द्यायचे, ताट ठेवायचे आणि आत निघून जायचे. ते "ठेव" म्हणायचे, एवढंच.

माझी एक गोष्ट मात्र त्यामुळे बंद पडली होती. दुपारी नवरा बाहेर गेला की मी त्या कॉम्प्युटरवर खेळायचे. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या फिरवून खाली रांग पुरी करायची, रांग भरली की ती नाहीशी होते. हा खेळ मला इतका लागला होता की डबे मांडताना, भाकरी टोपलीत रचताना मला त्या विटाच दिसायच्या. यात जिंकणं नसतंच. विटा शेवटी वरपर्यंत येतात आणि आपण हरतो. तरी पुन्हा बसावंसं वाटतं. ते का, हे कोडं मला त्या विटांपेक्षा मोठं वाटायचं.

एका दुपारी आबांना झोप लागली असं समजून मी हळूच मशीन सुरू केलं आणि उभ्याउभ्या खेळू लागले. सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसायची पद्धत नव्हती. थोड्या वेळाने मागून आवाज आला.

"उभी राहीसन कशी खेळशी? बठ."

मी दचकून वळले. आबा जागे होते, बहुधा मघापासून बघत होते. मी तशीच उभी राहिले.

"बठ म्हन्तस ना," ते म्हणाले. "ती लांबी ईट आडवी टाक. तठे जागा शे."

मी बसले. माहेर माझं धुळ्याचं, घरात बोली साधी मराठी, पण आजीमुळे अहिराणी कानावरून गेलेली होती. त्या दिवसापासून आबांशी मी अहिराणीतच बोलू लागले.

विटांना ते चार दिवसांत कंटाळले. मग मी एक दुसरा खेळ काढला. नवऱ्याच्या पुण्याच्या मित्राने फ्लॉपींवर दिलेला, आम्ही कधी न उघडलेला. त्यात आपण एक माणूस व्हायचं होतं. एका मुलखातली नदी आटलेली असते, ती का आटली हे शोधत डोंगरापर्यंत जायचं. वाटेत गावं, जंगलं, माणसं. सगळं लहान लहान रंगीत चौकोनांचं, वरून दिसणारं. माणसांशी बोललं की खाली इंग्रजी ओळी उमटायच्या. मी त्या वाचून आबांना सांगायचे, ते ठरवायचे आणि बटणं मी दाबायचे.

सुरुवातीलाच विचारलं होतं, तुम्ही कोण? लढवय्या, जादूगार की चोर?

"शेतकरी नही का?" आबांनी विचारलं.

"नही आबा. ह्या तीनच शेत."

ते विचारात पडले. मग म्हणाले, "लढनारा घे. चोर नको."

पहिल्या गावात शिरलो तेव्हा आबांनी उशीला टेकून मान पुढे काढली. विहिरीपाशी एक बाई उभी होती, भात्याजवळ लोहार होता, एक म्हातारा नुसताच येरझारा घालत होता. मला पुढे जायची घाई. आबांनी जाऊ दिलं नाही. "बठ्ठासले इचार. गावमा उनात, आन न बोलता जावानं?" म्हणून आम्ही प्रत्येकाशी बोललो, नुसत्या येरझारा घालणाऱ्याशीही. तो फक्त एवढंच म्हणाला की माझे गुडघे दुखतात. आबा त्यावर बराच वेळ समाधानाने हसत होते.

पण संध्याकाळी मशीन बंद करताना त्यांनी जे विचारलं ते मी आजही विसरलेले नाही. "आपन देखतस नही, तवय ह्या लोके काय करतस?"

मी म्हटलं, काही नाही करत आबा, मशीन बंद. पण स्वयंपाकघरात गेल्यावर मला ती बाई त्या कोरड्या विहिरीजवळ अंधारात उभी असल्यासारखी वाटत राहिली.

दोन-तीन दिवसांनी जंगलात लांडग्यांनी आमच्या माणसाला मारलं. पडदा काळा झाला. आबांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी पटकन आधी सेव्ह केलेली जागा उघडली. आमचा माणूस जंगलाच्या तोंडाशी पुन्हा धडधाकट उभा.

"हाऊ कोन?" आबांनी विचारलं.

"तोच, आबा."

"तो ते मरी गया ना?"

मी समजावून सांगितलं, की खेळ मधेच जपून ठेवता येतो, चुकलं की तिथून परत सुरू करता येतं. ते कूलरकडे बघत राहिले. मला वाटलं, कंटाळले. मग हळू आवाजात म्हणाले, "नको. मरेल माणूसले उठाडानं नही. दुसरा घे."

"पह्यलेपासून?"

"पह्यलेपासून."

मला वाईट वाटलं, सगळी मेहनत वाया. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी वाद घातला नाही. नवा माणूस घेतला, पुन्हा त्या पहिल्या गावात उतरलो, पुन्हा बाई, लोहार आणि दुखऱ्या गुडघ्यांचा म्हातारा. जंगलात त्या जागेपाशी आलो तेव्हा आबा म्हणाले, "थांब." मी थांबले. तिथे काहीच नव्हतं, नुसतं हिरवं गवत. तरी ते जरा वेळ बघत राहिले आणि मगच "चाल" म्हणाले.

त्या नियमाने खेळ बदलून गेला. आधी मी बेधडक धावत सुटायचे. आता दार उघडताना बोट बटणावर अडखळायचं. पुलावर पाऊल टाकण्याआधी आम्ही दोघं आवाज न करता बसून राहायचो. त्या चौकोनी माणसाचा जीव जाऊ शकतो हे एकदा खरं मानलं, तसं त्याच्याभोवतीचं सगळंच खरं झालं. अंधार खरा झाला, वाट खरी झाली. नंतर आयुष्यात मी कितीतरी मोठे, देखणे खेळ खेळले, पण त्या दुपारी छातीत जे धडधडायचं ते कुठल्याच यंत्राने परत दिलं नाही.

दुसराही गेला, एका सडक्या पुलावरून. तिसरा टिकला. मधे वीज गेली की खेळ आपोआप मागे जायचा. त्यावर आबांनी निकाल दिला, "लाईट आपला हातमा नही. ते चालस."

एकदा नवऱ्याने त्याच्या आवडीचा खेळ दाखवला. राज्य उभारायचं, धान्य साठवायचं, फौजा पाठवायच्या. तो डोंगरावर बसल्यासारखा सगळ्या मुलखावर माणसं हलवत होता. मला ते फार आवडलं. इतक्या गोष्टी एकाच वेळी डोक्यात धरायच्या याचंच नवल वाटलं. आबांनी थोडा वेळ पाहिलं.

"हाई ते देवनं काम शे," ते म्हणाले. "वरतीन बठ्ठं देखानं. आपले पाय जमीनवर बरा."

नवरा हसला. पण तो फरक मला तेव्हाच कळला आणि तसाच मनात राहिला. एका खेळात आपण सगळं जाणतो, दुसऱ्यात पुढच्या वळणावर काय आहे हेही ठाऊक नसतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात लेकी आखाजीला माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझं ते लग्नानंतरचं पहिलं वर्ष, धुळ्याहून निरोप आला होता. मी गेले नाही. आबांना सोडून कशी जाणार? सकाळी ते म्हणाले, "तुले धुळाले जावानं व्हतं." मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाईन.  दुपारी मशीन सुरू केल्यावर ते म्हणाले, "आज मी काय सांगाव नही. तुले जठे जावानं शे तठे जा."

म्हणून मी डोंगराची वाट सोडली आणि नुसतीच चालत सुटले. पश्चिमेकडे, कामाचं काही नसलेल्या बाजूला. कुरणं संपली, वाळू लागली, आणि पुढच्या पडद्यावर सगळं निळं होतं. निळ्या चौकोनांवर पांढऱ्या रेघा पुढे येत होत्या आणि मागे जात होत्या.

"हाई काय शे?" आबांनी विचारलं.

"समुद्र, आबा."

ते खाटेवर ताठ झाले. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता. आमचा माणूस काठावर उभा राहिला आणि आम्ही तिघंही त्या रेघांकडे बघत राहिलो. कूलरचं पाणी आत टपटपत होतं. मी चहा ठेवायचं विसरले.

"पल्याड काय शे?"

मी बटण दाबून पाहिलं. माणूस पुढे जाईना. "खेळ आठेच संपस," मी सांगितलं.

"संपस नही," आबा म्हणाले. "त्याले पव्हता येत नशीन."

मृग लागायच्या आत आबांचं प्लास्टर निघालं. पेरणी तोंडावर होती, त्यांना गावी जायची घाई झाली. आमचा माणूस तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी पोचला होता. निघताना काठी टेकत ते मशीनसमोर उभे राहिले.

"तू खेळ," मला म्हणाले. "पन मरू नको."

मी एकटीने तो डोंगर चढले. पुष्कळ दिवस लागले, कारण मी मरायला तयार नव्हते. शेवटच्या गुहेत पाणी अडवून बसलेल्या राक्षसासमोर मी घामेजलेले हात मधेच पदराला पुसले. तो पडला, दगड सरकला आणि पाणी सुटलं. मला वाटलं, आता शेवट येईल. पण खेळाने मला तसंच सोडून दिलं. आलेल्या वाटेनेच खाली उतरायचं होतं. आणि जिथे जिथे कोरडा पिवळा पट्टा होता तिथे आता निळं पाणी वाहत होतं, एकेका पडद्यावर, थेट त्या पहिल्या गावापर्यंत. मी प्रत्येक माणसाशी बोलले. प्रत्येकजण काहीतरी नवीन सांगत होता. कोणीतरी कुठेतरी बसून हे एकेक वाक्य लिहिलं होतं, आणि ते वाचायला जळगावात मी होते, या विचाराने मला हुंदका फुटला.

पोळ्याला आम्ही गावी गेलो. बैलांची मिरवणूक झाली, जेवणं झाली, आणि आबांनी मला ओसरीवर बोलावलं. "सांग," म्हणाले. मी पदर सारखा करून बसले आणि अहिराणीत सगळं सांगू लागले. आधी आबाच होते. मग जाऊबाई दाराशी आल्या, शेजारचे दोघं-तिघं आले, पलीकडच्या अक्का येऊन खांबाला टेकल्या. नदी उतरते तिथे मी आले, तेव्हा कोणी हलेना. ज्यांनी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिला नव्हता त्यांना मी काय सांगते आहे हे कसं कळत होतं, देव जाणे. पण कळत होतं.

संपल्यावर अक्कांनी विचारलं, "मंग तो घर गया का? त्यानी माय कोठे व्हती?"

खेळात तसं काहीच नव्हतं. तो माणूस कुठून आला, त्याचं कोण होतं, कधीच सांगितलेलं नव्हतं. मी आबांकडे पाहिलं. त्यांना ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते खाली बघून काठीने जमिनीवर रेघ ओढत राहिले.

"गया," मी म्हटलं. "घर गया. माय वाटच देखे त्यानी."

अक्कांनी मान डोलावली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.