नोंदकाका आणि मुका सर्व्हर

नोंदकाका इतके भित्रे, की कॉलेजात वायफायचा नवा डबा आला की त्यांची झोपच उडायची. प्रत्येक डब्याची मुख्य सर्व्हरवर नोंद करायचं काम त्यांचं. डब्याचं नाव, पत्ता आणि एक गुपित शब्द. तो शब्द डब्यात आणि सर्व्हरवर सारखाच हवा. काका तीनदा तपासायचे आणि नाचणगावला घरी पोचल्यावर पुन्हा फोन करायचे, "पोरी, लागलं का, एकदा पाहून घेजो." मी त्यांच्या हाताखाली कामाला, जाम वैतागायची.

एकदा म्हटलं, एवढं काय घाबरता? चुकलं तर सर्व्हर सांगेलच की!

"तेच तर नाई. अनोळखी डब्याले तो नाई बी म्हनत नाई, चूप राह्यते. मले त्या चूप राह्यन्याचंच भेव वाटते."

ऑनलाइन परीक्षेच्या आदल्या दिवशी काका दवाखान्यात भरती झाले. साधी तपासणी आहे, म्हणाले. हॉलमधल्या नव्या डब्याची सर्व्हरवर नोंद ते करून गेले होते. डब्यात शब्द तेवढा मी भरायचा होता. तो त्यांनी फोनवर सांगितला: "मले ओळख", इंग्रजी अक्षरांत, जोडून. मी भरला आणि घरी गेले. तपासलं नाही.

सकाळी साडेनऊला साठ पोरं हॉलमध्ये बसलेली आणि एकाचंही लॉगिन होईना. दहानंतर परीक्षेचं पान उघडणार नव्हतं, वर्ष गेलं असतं. मी डबा बंद-चालू केला, वायर बदलली, सगळ्या देवांना हाका मारल्या. शेवटी लाज सोडून काकांना फोन लावला.

त्यांनी शब्द एकेक अक्षर वाचायला लावला. चौथ्या अक्षरावर म्हणाले, "थांब. मी 'मले' म्हनलो होतो पोरी, तुनं 'मला' लिवलं."

मी सांगलीची. ऐकलं बरोबर आणि लिहिताना शुद्ध करून ठेवलं! फोनवर त्यांच्या मागून कुणीतरी "चला काका, आत घ्यायचंय" म्हणालं आणि फोन कटला.

अक्षर बदललं. दहाला चार मिनिटं असताना पहिलं लॉगिन झालं, मग भराभर सगळ्यांचं. काकांना कळवायला फोन केला, तर कुणी उचलेना. तपासणी कसली, हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यातून काका उठले नाहीत.

तेरवीला नाचणगावला गेले, तेव्हा काकूंनी मला बाजूला घेतलं.

"बाई, आत नेतानी ते सारखे इचारत होते, लागलं का, लागलं का. काय लागलं, ते मले काई समजलं नाई. मी आपलं हो म्हनून टाकलं. बराबर केलं ना?"