आधी आपली माणसं

पुण्याहून सुहासचा फोन आला, ‘आबा गेले,’ आणि मला बोलायला एक शब्द सुचला नाही. टोकियोच्या एदोगावा भागातली आमची मराठी मंडळी साक्ष देतील, ही घटना इथल्या भूकंपापेक्षा कितीतरी दुर्मीळ.

सुहास माझा इथल्या प्रयोगशाळेतला सहकारी, नुकताच पुण्याला गेलेला; आबा त्याचे वडील, हवाई दलाचे निवृत्त वैमानिक. एकाहत्तरच्या युद्धात मात्र त्यांच्या वाट्याला विमानाऐवजी खंदक आला. पायदळाबरोबर बसायचं आणि वर आलेल्या वैमानिकाला रेडिओवरून लक्ष्य दाखवायचं. ‘वरच्याला खालचं सगळं सारखंच दिसतं रे. म्हणून आपले जवान नारिंगी कापड पसरून बसायचे. आधी ते दाखवायचं. शत्रू नंतर. एकदा कुणीतरी उलटं सांगितलं...’ इथं ते चहाचा कप उचलत, आणि माझ्यासारखा चोंबडाही पुढचं विचारत नसे.

दोन वर्षांपूर्वी ते इथं आले होते तेव्हाची गोष्ट. संध्याकाळच्या आतषबाजीसाठी अख्खा जपान दुपारीच नदीकाठी लोटलेला, आणि प्रत्येकाखाली तीच निळी प्लास्टिकची चटई. आबांनी मात्र घरून नारिंगी चादर आणलेली. त्या गर्दीत पिवळी टोपी घातलेली आमची चार वर्षांची मुक्ता दिसेनाशी झाली. माझी बायको नीता एकीकडे धावली, सुहास दुसरीकडे, मी एकटाच चारी दिशांना.

‘थांबा सगळे!’ आबा कडाडले. ‘नीता, तू चादरीवरून हलू नकोस. पोर परतली तर आई इथंच हवी. आणि टोळभैरवा, तू वर!’

आमचं घर काठालाच, नवव्या मजल्यावर. मुक्ताच्या खेळण्यातला एक वॉकीटॉकी माझ्याकडे, दुसरा आबांकडे. गॅलरीतून पाहिलं तर निळा समुद्र, आणि त्यात पिवळी टोपी!

‘दिसली! पुलाजवळ, फुगेवाल्यापाशी!’

‘मी कुठं आहे ते सांग आधी.’

‘आबा, ती निघाली तिथून!’

‘मी कुठं आहे?’

चादर शोधू लागलो. सापडेना. मी पुलाच्या भलत्याच बाजूला बघत होतो. ती टोपी कुणा दुसऱ्याच्याच लेकराची होती.

‘सापडली चादर!’

‘आता तिथून पाण्याकडे सरक. हळू.’

चादरीच्या सरळ खाली, पाण्याच्या अगदी कडेला, मुक्ता ओणवी होऊन हात बुडवत होती. आबांनी सुहासला पिटाळलं. तो तिला उचलेपर्यंत मी श्वास घेतला असेल तर शपथ!

पुढे ही गोष्ट सांगताना मी तिच्यात दोन हेलिकॉप्टरंही घातली. आबा शेजारी बसून ऐकत आणि म्हणत, ‘उडव लेका, अजून एक उडव.’

पुण्याला परत जाताना चादर ते आमच्याकडेच ठेवून गेले. फोननंतरच्या सकाळी शेजारीपाजारी नेहमीसारखे गॅलरीच्या कठड्यांवर गाद्या उन्हात टाकत होते. आबा आता कुठं असतील यावर एखादी झकास थाप मारावी म्हटलं... जमली नाही. मग ती चादर काढली आणि कठड्यावर नीट पसरली. आम्ही कुठं आहोत, ते आधी.