हिरव्या उजेडाचा संशय

आमच्या प्रयोगशाळेत लेझर जुळवण्याचं काम मामा करतात. संशयी इतके, की घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातात, परत येऊन ते ओढून बघतात, आणि बायकोने आधीच ओढलं असेल तरी पुन्हा स्वतः ओढतात. मुलगी वर्गात पहिली आली तेव्हा या गृहस्थांनी आधी गुणपत्रिका उजेडात धरून खाडाखोड शोधली, मग तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी इथलं स्टोअर सांभाळतो. नव्या चिकटपट्टीवरसुद्धा ते माझ्यादेखत संशय घेतात.

आमच्या तरुण संशोधक ताईंचा प्रयोग मात्र अशाच माणसाच्या भरवशावर चालला होता. प्रकाशाचा रंग बदलायचा तर एरवी दांडगा लेझर लागतो. ताईंचं म्हणणं, नखाएवढ्या स्फटिकावर आवाजाच्या लाटा सोडल्या तर मिणमिणत्या लेझरनेही काम भागेल. आवाज इतका वरचा की कुत्र्यालाही ऐकू येऊ नये. आत जायचा डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, बाहेर यायचे हिरव्या प्रकाशाचे मोजके कण. तीन वर्षं घासून आकडा होता सेकंदाला अकरा. प्रयोगाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या तपासनीसांनी दोनदा नाक मुरडलं होतं. तिसऱ्यांदा पटलं नाही तर प्रयोग बंद, असं त्यांनी ताईंना स्वच्छ सांगितलं होतं.

आणि ते यायच्या आठ दिवस आधी आकडा एकदम तीनशेवर गेला. ताईंचे पाय जमिनीवर ठरेनात. मामा तडक माझ्याकडे आले.

"नेमका आत्ताच? पाहुणे दारात आल्यावर?"

"अहो, तुम्हीच नवा अॅम्प्लिफायर बसवलात ना? आवाजाचा जोर वाढला असेल."

"जोराने वीस होतील, पंचवीस होतील. तीनशे? कुठेतरी पाणी मुरतंय."

आठ दिवस त्यांनी ताईंवर नजर ठेवली. आरसा कसा पुसायचा इथपासून जिला शिकवलं, तिची वही हे तिच्यामागे चाळत होते! वहीत एकही खाडाखोड सापडली नाही, तर तेही त्यांना खटकलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी ताई चहाला गेल्या तेव्हा मामांनी लेझरसमोर काळा पुठ्ठा धरला. प्रकाशच अडवला म्हटल्यावर आकडा शून्यावर यायला हवा. तो दोनशे एकोणनव्वदवर थांबला.

"पोरीने लबाडी केली," मामा मला म्हणाले.

मला संताप आला. "तिला विचारा तरी आधी!"

ताई परत आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, माझ्यासमोरच. "ताई, खरं सांगा. हा आकडा तुम्ही बनवलात?"

ताई सरळ टेबलाकडे गेल्या. मग पुठ्ठा तसाच ठेवून त्यांनी आवाज बंद केला. शून्य. चालू केला. दोनशे एकोणनव्वद. कण मोजणाऱ्या यंत्राला फक्त हिरवा प्रकाश दिसतो, म्हणून खोलीत मंद लाल दिवा असायचा; तोही त्यांनी मालवला आणि आम्ही तिघंही टेबलाभोवती वाकून शोधू लागलो.

नव्या अॅम्प्लिफायरच्या पाठीमागे मोहरीएवढा हिरवा दिवा जळत होता. प्रयोगाआधी अंधार करून प्रत्येक यंत्राच्या दिव्यावर काळी पट्टी लावायची, हे मामांचं रोजचं काम. पण ही फेरी ते आवाज सुरू व्हायच्या आधी मारतात, आणि हा दिवा पेटायचा तो आवाज सुरू झाल्यावरच. त्याचा उजेड मोजयंत्रात जात होता.

मामांनी पट्टी लावली, पुठ्ठा काढला. अकरा. पुठ्ठा लावला, शून्य. असं वीस वेळा केलं.

दुपारी ताईंनी तपासनीसांना अकराच सांगितले, आणि तीनशेची फजितीही सांगितली. तपासनीसांनी स्वतः पुठ्ठा घालून-काढून पाहिला, आवाज बंद-चालू केला, आणि पहिल्यांदाच मान डोलावली. प्रयोग वाचला.

पाहुणे गेल्यावर मामा तारा गुंडाळत होते. खूश होते बिचारे. ताई त्यांच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"मामा, पुठ्ठा लावूनही आकडा उतरला नाही, तेव्हा तुम्हाला दिवे का नाही आठवले? आधी मीच का आठवले?"

"दिवे मी स्वतः झाकले होते, ताई," मामा म्हणाले, आणि गुंडाळलेली तार उलगडून पुन्हा गुंडाळू लागले.